रक्त की रीत? : कर्करोग संशोधन संस्थेची परळ ते खारघर वाटचाल

१९५२ साली परळला सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राला २०२७ मध्ये पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. केंद्राचे नाव पुढे कर्करोग संशोधन संस्था झाले, बिऱ्हाड खारघरला हलले आणि आजचे विद्यार्थी तिला ‘ॲक्ट्रेक’ म्हणूनच ओळखतात. संस्थेचा सगळा इतिहास एका लेखात बसणार नाही. पेशीविज्ञान, प्रतिकारशास्त्र, औषधोपचार या प्रत्येकासाठी वेगळी लेखणी हवी. इथे एकच धागा धरला आहे. एकाच देशात, कधी एकाच शहरात, कधी एकाच चाळीत राहणाऱ्या माणसांना वेगवेगळे कर्करोग का होतात? फरक रक्तातून येतो की रीतीभातीतून? हा प्रश्न संस्थेच्या जन्माआधीपासून परळमध्ये विचारला जात होता आणि तो अजून संपलेला नाही.

१९४१ ते १९५१ : रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत

संस्थेचे मूळ टाटा स्मारक रुग्णालयात आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्या वर्षी सर दोराबजींचेही निधन झाले. सर दोराबजी टाटा ट्रस्टने परळला उभारलेले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. लंडन विद्यापीठाचे १९२३ सालचे एम. डी. आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पॅथॉलॉजी शिकवलेले हे प्राध्यापक संस्थेचे खरे आद्यपुरुष.

हिंदुस्थानात कर्करोग क्वचितच होतो, असा समज त्या काळी वैद्यकातही रूढ होता. विश्वनाथ आणि ग्रेवाल यांनी तिसाच्या दशकात रुग्णालयांची दप्तरे तपासून त्याला धक्का दिला होता. कर्करोगाच्या वयापर्यंत जगणारी माणसेच इथे थोडी, म्हणून रोगही थोडा दिसत होता. खानोलकरांनी त्याच्या पुढचा प्रश्न घेतला. रोग होतो हे ठरले, पण तो शरीरात कुठे होतो? मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा त्यांनी केलेला आढावा १९४४ साली अमेरिकेतल्या ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात छापून आला. पाश्चात्त्य रुग्णालयांत मुखकर्करोगाला एवढी जागा नव्हती. इथे गाल, हिरडी, जीभ आणि घसा यांच्या गाठींनीच वॉर्ड भरत.

पुढच्याच वर्षी डॉ. सूर्याबाईंसह लिहिलेल्या निबंधात त्यांनी लोकांच्या सवयींशी बांधलेले तीन कर्करोग नोंदवले. बिहारकडे चुना लावून तळहातावर मळलेली खैनी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवतात. गाठ नेमकी त्या खोबणीत उठते. आंध्र किनाऱ्यावर विशाखापट्टणच्या बाजूला चुट्टा उलटा ओढण्याची चाल आहे, म्हणजे पेटते टोक तोंडात. तिथे कर्करोग टाळूला होतो, जो इतरत्र फारसा पाहायला मिळत नाही. तिसरा कमरेचा. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून आवळले की कातडी घासते, काळवंडते, राठ होते, सोलवटते, आणि एखाद्याच्या बाबतीत ती जखम भरतच नाही. साडी नेसणाऱ्या बायकांत परकराच्या नाडीखालीही हेच दिसते, असे पुढे लक्षात आले. काचपट्टीवरची पेशी पाहून न थांबता, हा माणूस धोतर कसे बांधतो हे विचारणारा पॅथॉलॉजिस्ट त्या काळात दुर्मिळच म्हणायचा.

या कामातून एक शिस्त तयार झाली. दोन समाजांत रोगाचा फरक दिसला की आधी त्यांची रीत तपासायची, मग रक्ताकडे वळायचे. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांनी युरोप पेटलेला असताना परळच्या प्रयोगशाळेने हा क्रम धरला, याचे महत्त्व आज अधिक जाणवते.

१९५२ ते १९६० : केंद्राची स्थापना आणि मानवी वैविध्याचा विभाग

रुग्णालयाच्या रोजच्या तपासण्या सांभाळून मूलभूत संशोधन होणे अवघड होते. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले.

योगायोग असा की मुंबईच्या आनुवंशिकीचे नाव जगभर नेणारा शोधही त्याच वर्षी, त्याच परळमधून प्रसिद्ध झाला. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण मिळाले की ज्यांचे रक्त तपासणीत ‘ओ’ वाटे, पण त्यांना ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नसे. ए आणि बी हे घटक ज्या ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात तो पायाच या माणसांच्या रक्तपेशींवर नव्हता. लंडनच्या तज्ज्ञांसह लिहिलेले टिपण ‘लॅन्सेट’मध्ये १९५२ साली आले आणि जगाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ कळला. हे श्रेय शेजारच्या संस्थेचे, आपले नव्हे. पण रक्तगट पाहणाऱ्यांची परळमधली मंडळी थोडी, आणि त्यांचे एकमेकांकडे जाणे-येणे असे. भेंड्यांच्या त्या टिपणाचे एक सहलेखक डॉ. एच. एम. भाटिया यांचे नाव पुढे आपल्या केंद्रातले संशोधक संघवी यांच्या निबंधांवरही दिसते. १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले, तीही याच मंडळींच्या कामाची फलश्रुती. आजची राष्ट्रीय रक्तप्रतिकारशास्त्र संस्था त्यातूनच वाढली.

केंद्रात मानवी वैविध्याचा विभाग उभा राहिला तो डॉ. एल. डी. संघवी यांच्या हातून. त्यांची आणि खानोलकरांची जोडी केंद्राच्या आधीच जमली होती. मुंबईतल्या, बेटीव्यवहार आपापल्यातच ठेवणाऱ्या सहा समाजांतील माणसांची सात आनुवंशिक लक्षणे तपासणारा त्यांचा निबंध लंडनच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला होता. (हे नियतकालिक १९५४ पासून ‘ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ झाले. काळ बदलल्याची ती खूण होती.) लक्षणांत रक्तगट होते, रंगांधत्व होते, एका विशिष्ट रसायनाची कडू चव लागते की नाही हेही होते. विश्लेषण झाले लंडनच्या पानांवर. पण त्यासाठी कोणीतरी मुंबईच्या गल्ल्यांत फिरून अनोळखी माणसांच्या जिभेवर कडू कागद ठेवायचा होता, बोट टोचायचे होते आणि पुन्हा जात-पोटजात विचारायची होती. हे काम केलेल्या साहाय्यकांची नावे निबंधांच्या आभारांपलीकडे पोहोचली नाहीत.

त्याच सुमारास पुण्याला डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर महाराष्ट्रातल्या लोकांची शरीरमापे घेत होते. त्यांचा ग्रंथ १९५१ साली निघाला. नाकाची रुंदी आणि डोक्याची लांबी मोजून माणसांचे गट पाडण्याची ही जुनी पद्धत, आणि रक्तगटांची नवी. दोन्ही एकाच समाजांना लावल्या तर काय दिसते, हे संघवींनी १९५३ च्या निबंधात पाहिले आणि दोन समाजांतले आनुवंशिक अंतर मोजण्याचे एक गणिती मापही मांडले. लोकसंख्या-आनुवंशिकीच्या ग्रंथांत ते त्यांच्या नावाने येते.

कर्करोग केंद्रात जातींचे रक्तगट कशाला, असे वाचकाला वाटेल. उत्तर संघवींच्याच दुसऱ्या निबंधात आहे. राव आणि खानोलकर यांच्यासह त्यांनी १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू आणि मुखापासून अन्ननलिकेपर्यंतच्या कर्करोगांचा संबंध दाखवला. तंबाखू खाणाऱ्यांत गाल-हिरडी, विडी ओढणाऱ्यांत जिभेचे मूळ आणि घसा, असा सवयीप्रमाणे रोगाचा ठिकाणा बदलत होता. एकाच माणसाने एका हाताने रक्त मोजले आणि दुसऱ्या हाताने विड्या. दोन्ही मोजल्याशिवाय फरकाचा हिशेब पुरा होत नाही, ही त्यांची धारणा होती. माझ्या मते संस्थेच्या पहिल्या दशकाचा सगळ्यात टिकाऊ वारसा तोच.

हिमोग्लोबिनमधल्या आनुवंशिक दोषांचे कामही इथेच सुरू झाले. पी. के. सुकुमारन, संघवी आणि जी. एन. व्यास यांनी पश्चिम भारतातील काही आदिवासी जमातींत सिकलसेलचे वाहक असल्याचे १९५६ साली ‘करंट सायन्स’मध्ये नोंदवले. विदर्भात आणि सातपुड्यात आज हा आजार आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या पत्रकावर असतो. तेव्हा तो नुकताच ओळखला जाऊ लागला होता.

प्राण्यांवरच्या प्रयोगांची बाजू डॉ. कमल रणदिवे यांनी उचलली. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, वनस्पतींच्या पेशी-आनुवंशिकीवर एम. एस्सी. केलेल्या कमलबाईंनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकून त्या परतल्या आणि केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांनी उंदरांची शुद्ध वाणे पाळली. एका वाणाच्या माद्यांना हमखास गाठी येतात, दुसऱ्या वाणाला जवळजवळ येत नाहीत; खाणे तेच, पिंजरे तेच. सरळ रक्ताचा दोष म्हणावा, तर अमेरिकेत बिटनर यांनी १९३६ सालीच दाखवले होते की रोगी वाणाची पिल्ले जन्मताच निरोगी वाणाच्या आईकडे दिली तर गाठी खूपच कमी होतात. आईच्या दुधातून काहीतरी जात होते, आणि तो विषाणू निघाला. वाण, दूध आणि संप्रेरके ही तीन कारणे एकमेकांपासून कशी सोडवायची, हे या उंदरांनी इथल्या संशोधकांच्या पिढीला शिकवले. केंद्रात तयार झालेल्या एका वाणाला केंद्राचेच नाव मिळाले: आयसीआरसी उंदीर. १९५८ साली कुष्ठरुग्णांच्या गाठींतून इथे वाढवलेल्या जंतूलाही तेच नाव पडले. प्राणिगृह रविवारी, गणपतीत, दिवाळीत, मुंबई पावसाने ठप्प झाली तरी चालू ठेवावे लागते. ते चालू ठेवणाऱ्या कामगारांना हा इतिहास विसरू शकत नाही.

१९६१ ते १९७० : नवे पालक

टाटा स्मारक रुग्णालयाचा कारभार १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेला. किरणोत्सर्ग आणि कर्करोग यांचे नाते ओळखणाऱ्या डॉ. होमी भाभांच्या दूरदृष्टीचा त्यात मोठा वाटा होता. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र झाले आणि संशोधन केंद्र ‘कर्करोग संशोधन संस्था’ बनले. दोन घरे एक होताना जे बोलणे-चालणे होते त्याची जंत्री स्मरणिकेत देण्याचा प्रघात नाही. काम थांबले नाही, एवढे नमूद करणे पुरे. १९६६ ते १९७० या नाजूक काळात संचालकपद डॉ. रणदिवे यांनी सांभाळले. रुग्णालयाच्या बाजूला गोव्याचे सुपुत्र, शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जेस होते. आज रुग्णालयापुढच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

संघवींच्या विभागाने या दशकात पारशी समाजाकडे लक्ष वळवले. बक्षी, बालकृष्णन, उनडेविया आणि संघवी यांनी १९६३ साली दाखवले की जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता या समाजात लक्षणीय आहे. हा दोष असलेल्या माणसाला हिवतापावरचे प्रायमाक्विन दिले तर तांबड्या पेशी फुटू लागतात. इतरांना सहज चालणारी गोळी एखाद्याला घातक का ठरते, याचे उत्तर इथे रक्तातच होते. १९६८ मध्ये बालकृष्णन आणि संघवी यांनी आनुवंशिक अंतराचे सुधारलेले माप ‘बायोमेट्रिक्स’मध्ये दिले.

१९७१ ते १९८० : पारशी आणि बाकीची मुंबई

मुंबईची कर्करोग नोंदणी डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीत सुरू झाली होती. ही देशातली पहिली लोकसंख्याधारित नोंदणी. तिच्या आकड्यांवरून १९७० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने दाखवले की पारशी समाजात स्तनाचा कर्करोग इतर मुंबईकरांपेक्षा जास्त, तर मुख, घसा, अन्ननलिका आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग बरेच कमी. अग्नी पवित्र मानणारा समाज विडी-सिगारेटपासून दूर राहतो. लग्ने उशिरा होतात, मुले थोडी असतात. एवढ्याने बहुतेक उलगडा होतो, सगळा होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपापसात लग्ने करणाऱ्या लहान समाजात जनुकांचाही काही वाटा असणार, हे कोणी नाकारले नाही. पण तो पकडण्याची साधने तेव्हा हाती नव्हती.

संस्थेच्या साथरोग विभागात कस्तुरी जयंत, बालकृष्णन, संघवी यांनी जस्सावाला यांच्याबरोबर १९७७ साली विडी आणि खाण्याची तंबाखू यांचा मुख, घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगातला वाटा आकड्यांत मांडला. मुंबईतल्या मुख-घशाच्या कर्करोगांपैकी बहुसंख्य तंबाखूच्या खात्यावर जातात, हे त्यानंतर वादाचे राहिले नाही.

१९८१ ते २००० : मशेरी, विडी आणि बार्शी

ऐंशीच्या दशकाअखेर आणि नव्वदच्या दशकात संशोधन पुन्हा घराघरात शिरले. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची आणि त्या पुडीने दात घासायचे, ही मशेरीची सवय महाराष्ट्रातल्या बायकांत किती खोल आहे ते सांगायला नको. दिवसातून एकदा दातांना लावायची ती बघता बघता चार-पाचदा लागते. डॉ. सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी मशेरीचा अर्क उंदरांवर तपासून ती कर्करोगकारक असल्याचे दाखवले. डॉ. रजनी भिसे यांच्या गटाने विड्या वळणाऱ्या कामगारांकडे पाहिले. यातली पुष्कळ माणसे तंबाखू खात नाहीत की ओढत नाहीत, दिवसभर फक्त हाताळतात, तरी तिचे परिणाम त्यांच्या पेशींतल्या गुणसूत्रांवर उमटतात.

याच काळात डॉ. मा. गो. देव यांच्या नेतृत्वाखाली ‘आयसीआरसी’ जंतूपासून कुष्ठरोगाची लस तयार झाली. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिची परिणामकारकता सुमारे ६५ टक्के आढळली. संघवी, बालकृष्णन आणि दिवंगत इरावतीबाई यांच्या नावे तमिळनाडूच्या लोकांच्या जीवशास्त्रावरचा ग्रंथ १९८१ साली निघाला.

१९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिने आणखी एक फरक पुढे आणला. मुंबईत बायकांच्या कर्करोगांत स्तनाचा वर चढत होता, तर बार्शी परिसरात गर्भाशयमुखाचा सर्वांत पुढे होता. एकच राज्य, एकच भाषा, जातीही बऱ्याचशा त्याच. शहर आणि खेडे यांतले हे अंतर रक्ताने कसे समजावणार?

रक्ताकडे मात्र लक्ष होतेच. तंबाखूतली विषे निकामी करणारी काही विकरे काहींच्या शरीरात तयारच होत नाहीत, कारण त्यांचे जनुक गायब असते. भिसे, नोताणी आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या मुखकर्करोग रुग्णांत ‘जीएसटीएम-१’ या जनुकाचा अभाव तपासला आणि तंबाखू खाणाऱ्यांत तो धोका वाढवतो असे त्यांना दिसले. म्हणजे रीत आणि रक्त दोन्ही एकाच रुग्णात, एकमेकांत गुंतलेले.

२००१ पासून आजपर्यंत : खारघर

परळची जागा अपुरी पडत गेली. २००२ साली संस्था खारघरच्या ६० एकरांच्या आवारात आली. तिथल्या संशोधन इमारतीला ‘खानोलकर शोधिका’ हे नाव दिले आहे. २००५ पासून होमी भाभा राष्ट्रीय संस्थान या अभिमत विद्यापीठाखाली पीएच. डी. चे विद्यार्थी शिकतात. परळहून रोज वाशी खाडी ओलांडून येणाऱ्या पहिल्या वर्षांतल्या कर्मचाऱ्यांनी हे स्थलांतर अंगावर घेतले, ते रुळावर आणले.

२०१३ साली डॉ. राजीव सरीन यांचा इथला गट आणि कल्याणीच्या संस्थेतले पार्थ मजुमदार यांचा गट यांनी मिळून गाल-हिरडीच्या कर्करोगातले जनुकीय बदल ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये मांडले. खानोलकरांनी जिथे बोट ठेवले तीच जागा, फक्त आता पेशीच्या आतली अक्षरे वाचता येत होती. काही जनुके अशी सापडली जी पाश्चात्त्य रुग्णांच्या मुख-घशाच्या गाठींत तितकी पुढे आली नव्हती. टाटा स्मारकच्या ९०७ फुप्फुस-कर्करोग रुग्णांत ईजीएफआर जनुकातला, औषध ठरवणारा बदल २३ टक्क्यांत आढळला. गोऱ्या रुग्णांपेक्षा हे प्रमाण जास्त, पूर्व आशियापेक्षा कमी. २०१६ साली डॉ. अमित दत्त यांच्या गटाने ६२ भारतीय व्यक्तींच्या निरोगी ऊतींवरून जनुकीय फरकांची यादी सर्वांसाठी खुली केली. कारण साधे होते. परदेशी यादीशी ताडले की आपल्याकडचा निरुपद्रवी फरकही रोगाचे कारण वाटू लागतो.

आयआयटी मुंबईबरोबर विकसित झालेली सीएआर-टी उपचारपद्धती आणि प्रोटॉन किरणोपचार यांची माहिती या स्मरणिकेत अन्यत्र आहे.

आनुवंशिक कर्करोगाचे सल्ला केंद्र हे आजचे सर्वांत लोकाभिमुख काम. ज्यू समाजात वारंवार दिसणारा बीआरसीए-१ मधला एक बदल भारतीय कुटुंबांतही सापडतो. असा बदल असलेल्या घरात बहिणी, मुली, भाच्या यांची तपासणी वेळेत झाली तर रोग गाठण्याआधी उपाय करता येतो. तिथे पहिल्या भेटीत कुटुंबाची वंशावळ काढतात आणि बहुतेक घरांची गाडी तिथेच अडते. आजी ‘पोटाच्या दुखण्याने’ गेली, आत्याला ‘गाठ होती’, यापुढे कोणाला काही ठाऊक नसते. आईकडच्या नातेवाइकांचे तर कोणी विचारलेलेच नसते. तेव्हा वाचकांना विनंती आहे: घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवा. आजी-आजोबा, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, भावंडे, कोणाला कोणता कर्करोग झाला, कितव्या वर्षी, कोणत्या रुग्णालयात, आणि घरात तंबाखू, विडी, मशेरी कोण वापरत होते, हे एका कागदावर लिहा. जुने पॅथॉलॉजीचे अहवाल फेकू नका. दोन्ही बाजूंच्या किमान तीन पिढ्या लिहा आणि तो कागद पहिल्या भेटीला बरोबर आणा.